पन्नास वॅटचा डब्बा

मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. जुना म्हणा, मित्रांनो, खुशाल म्हणा. पस्तीस वर्षांचा आहे मी. पण डब्बा? डब्ब्यात चिवडा ठेवतात! माझ्या पोटात चार किलोचा ट्रान्सफॉर्मर आहे.

नागपूरच्या एका कारागिराने मला टेबलावर मांडून, एकेक तार डाख देऊन जोडलं आणि पाठीवर खरं तेच लिहिलं : पन्नास वॅट. नालवाडीच्या हरिदासने मला घरी नेलं आणि साउंड सर्व्हिस काढली. लग्नं म्हणू नका, जयंत्या म्हणू नका, कुस्त्यांचे फड म्हणू नका! मी देवळी गावात खाकरलो की पुलगावच्या म्हशी पान्हा सोडत. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा.

पण माझा खरा मान होता तो हरिदासच्या आईचं, मीराबाईचं गाणं पोचवण्याचा. दर बुद्ध पौर्णिमेला ती विहारापुढे गायची. नाजूक गळा तिचा. त्यातला एक शब्द मी कधी सांडू दिला नाही.

गेल्या पौर्णिमेनंतर मला घरघर लागली. हरिदासने काय करावं? डोक्यात दोन चापट्या हाणल्या आणि सारलं खाटेखाली, कांद्यांच्या शेजारी! त्याची मुलगी नंदिनी आयटीआय शिकलेली. ती म्हणाली, "बाबा, त्याचे कपॅसिटर सुकले असतीन. उघडून पाहू द्या ना."

"काय ठेवलं त्या डब्ब्यात? नवा आणतो मी."

नवा आला. हलका, निळ्या दिव्यांचा, अन् छातीवर चिकटवलेलं : दहा हजार वॅट! अरे, लबाडीलाही काही माप असावं! तेवढी वीज त्याने खरंच ओढली असती, तर अर्ध्या नालवाडीचे पंखे थांबले असते.

यंदाच्या पौर्णिमेला "असू द्या अडीअडचणीले" म्हणत नंदिनीने मलाही गाडीत टाकलं. संध्याकाळचे पाच, तरी ऊन असं, की माईकची दांडी धरवत नव्हती. मीराबाई पंच्याहत्तरीची. उभी राहिली, गाऊ लागली. हरिदासने नव्याची सगळी बटणं शेवटपर्यंत पिळली. धाड! धाड! धाड!

मागच्या सतरंजीवरून तिची मैत्रीण रुख्माबाई ओरडली, "काऊन वं मीरा, गाऊन राह्यली का मिरच्या कुटून राह्यली?"

सगळे हसले. मीराबाई थांबली. "हरी, आवाज नोको वाढवू रे. शबूद पोचू दे."

हरिदास चाचपडतोय, तोच नव्यावर लाल दिवा लागला आणि तो गप्प झाला.

"शबूद पोचत नाई तं गाऊन काय करू?" मीराबाईने माईक खाली ठेवला. "आजपासून बंद माहं गाणं."

इतका संताप आला मला! पस्तीस वर्षं जो गळा मी जपला, तो एका चिकटवलेल्या आकड्याच्या नादात बंद व्हावा?

खिरीच्या पंगती बसल्या. नंदिनीने कोणाला न विचारता माझं पोट उघडलं. मित्रांनो, कपॅसिटर म्हणजे विजेचा रांजण. वीज त्यात साठून संथ होते. माझे दोन रांजण कोरडे पडले होते, एवढंच! बाकी मी धडधाकट. तिने आपल्या अवजारांच्या पेटीतले दोन नवे काढून डाख दिला. पंगत उठायच्या आत माझी घरघर गेली आणि तिने माईक मला जोडला.

"आजी, एक डाव गाऊन पाय."

"नोको वं."

"माह्यासाठी."

मीराबाईने नाइलाजाने माईक घेतला. मी श्वास रोखला. रोखला म्हणजे, ट्रान्सफॉर्मर रोखतो तसा. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. आणि सगळ्यात मागून रुख्माबाईची हाक आली,

"मीरा! दुसऱ्या कडव्यात चुकली वं तू!"

मीराबाई माईकमध्येच खळखळून हसली. "आयकू आलं का तुले? मंग पुन्हा म्हणतो, थांब!"

आणि तिने ते कडवं पहिल्यापासून धरलं.

आता खरं सांगतो, मनाविरुद्ध सांगतो. नव्याचाही फारसा गुन्हा नव्हता. तापला म्हणून त्याने स्वतःला आवरलं, हे शहाणपणच. बटणं पिळणारे हात माणसाचे, दहा हजारांची थाप मारणाराही माणूसच. मला देव्हाऱ्यात ठेवा, असं मी म्हणत नाही. पण मित्रांनो, कोणालाही डब्बा म्हणण्याआधी एकदा त्याचं झाकण उघडा. चापटी मारून कोणाची घरघर जात नसते!