तेविसावा गोल

योगेश दारात दिसला आणि त्याच्या हातातला लिफाफा पाहूनच माझं डोकं फिरलं. लिफाफा म्हणजे फोटो आणि फोटो म्हणजे पोस्टरवर आणखी एक तोंड.

"मिस्बाहताई, हे शेवटचं. आईची शप्पथ."

"परवाबी शेवटचंच होतं, योगेशभाऊ."

"थे परवाचं शेवटचं. हे आजचं."

हा योगेश दर्यापूरचा, लग्नांची व्हिडिओ शूटिंग करणारा. २००६च्या उन्हाळ्यात त्याने त्याच कॅमेऱ्यावर दीड तासाचा वऱ्हाडी पिक्चर काढला. नाव 'माहं वांगं, माहा भाव'. भाजी विकणारी एक बाई भर बाजारात व्यापाऱ्याची कशी फजिती करते, एवढीच गोष्ट. गावोगावच्या मंगल कार्यालयांत पडदा लावून दाखवायचा, मग सीड्या विकायच्या, असा त्याचा बेत होता. पोस्टरचं काम अमरावतीत माझ्या दुकानात आलं.

काम आलं तेव्हा मी खूश होते, खोटं कशाला बोलू? चार वर्षं फोटोशॉपवर मी केलं काय, तर वाढदिवसाचे फ्लेक्स, साहेबांच्या दौऱ्यांची स्वागतं आणि श्रद्धांजल्या. त्यातही त्या दोन-तीन वर्षांत जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या श्रद्धांजल्याच फार. खेड्यातून माणसं कोणाच्या तरी लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन यायची, मागच्या रांगेतल्या एकावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "हा पायजे." गेलेल्या माणसाचा तेवढा एकच फोटो असायचा. मी आजूबाजूची माणसं पुसायचे, त्याच्या खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसायचे. तेव्हा एका जिवंत, हसऱ्या बाईचा चेहरा करायला मिळतोय म्हटल्यावर मला ईद आल्यासारखं झालं.

ती बाई म्हणजे शकुन. चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यातली, खरोखरच भाजी पिकवून विकणारी. बाजारात ती एका अडत्याशी भांडत होती, ते योगेशने पाहिलं आणि तिलाच हिरोईन केलं. तिचा एक फोटो मला फार आवडला. पदर खोचलेला, एक हात कमरेवर, मान मागे टाकून ती हसतेय, सगळे दात दिसतायत. तीन दिवस मी तिचा एकेक केस माऊसने कापत बसले होते. मध्येच लाईन जायची, कॉम्प्युटर अडकायचा, केलेलं सगळं जायचं. मी लोडशेडिंगवाल्यांना शिव्या घालून पुन्हा सुरू करायचे. मागे फक्त नांगरलेल्या मातीचा काळा रंग आणि खाली पिक्चरचं नाव. बास. रस्त्याने जाताना थांबून पाहावं असं काहीतरी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून झालं होतं.

आणि मग गोल सुरू झाले.

आमच्याकडे बॅनर म्हटलं की गोल आलेच. गोलात पासपोर्ट फोटो, खाली नाव, वर 'विशेष सहकार्य'. पहिला गोल जीपवाल्याचा, दुसरा विहीरवाल्याचा. ठीक आहे, त्यांनी शूटिंगला काहीतरी दिलं होतं. तिसरे शकुनच्या गावचे खुशालराव. त्यांनी काय दिलं विचारलं, तर योगेश म्हणाला, "त्याईनं इरोध नाई केला." मग शकुनचे जेठ, म्हणजे थोरले दीर जानराव, मग नवरा भगवंत, मग सोसायटीवाले, भजनी मंडळवाले. खुशालराव तर स्वतः अमरावतीला आले, छापलेल्या नमुन्यावर फूटपट्टी ठेवली आणि जानरावांचा गोल आपल्यापेक्षा मोठा आहे हे सिद्ध करून गेले. मी सगळे गोल एका मापाचे केले. प्रत्येक गोलासोबत शकुन आक्रसत गेली. आधी तिची कंबर गेली, मग कमरेवरचा हात गेला. आज योगेशच्या लिफाफ्यातला बाविसावा बसवला, तेव्हा गळ्याच्या वरची शकुनच काय ती उरली.

"आता एक बी तोंड आणलं," मी योगेशला म्हटलं, "त मी काम सोडून देईन. माणसं जमवून राहिले का पिक्चर दाखवून राहिले? त्या बाईले तरी दाखवलं का हे?"

योगेश नजर चुकवत म्हणाला, "उद्या तिलेच पाठवतो. तुमी तिच्याशीच बोला."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास शकुन आली. मेथी विकून झालेली, रिकामी टोपली काखेत. ती दारातच चपला काढायला लागली. मी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. मला दाद हवी होती आणि भांडायला जोडीदारीणही हवी होती. म्हणून मी एकेक करून बावीसच्या बावीस गोल लपवले आणि पहिलं पोस्टर तिच्यासमोर ठेवलं.

शकुन उठून कॉम्प्युटरच्या पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"मी अशी हसतो?"

"अशीच हसता."

"बाप्पा," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून खरंच तशीच हसली.

मला इतकं बरं वाटलं, की मी मनातलं सगळं बोलून टाकलं. "योगेशनं पार वाट लावली हो याची. हे पहा," म्हणत मी गोल परत आणले. "पिक्चर तुमचा, अन् तोंडं कोणाकोणाची!"

"योगेशभाऊले नका बोलू, ताई. मीनंच सांगतलं."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं, "काय सांगतलं?"

"हे लोकं लावाचं." तिने खुशालरावांच्या गोलावर बोट ठेवलं. "हे पारावर बसून म्हने, बाईचं तोंड जीपवर चिकटवून गावोगाव फिरवतीन. आता सोताचंच तोंड हाय त्याच्यावर. आता काय बोलतीन? हे माहे जेठ, दोन महिने घरात अबोला होता. याईनंच डब्बिंगच्या दिवशी मले न्यायले आलेली जीप वापस धाडली होती." ती एकेका गोलावरून बोट फिरवत गेली. बाविसांपैकी निम्म्याहून जास्त नावं तिने तशी मोजून दाखवली. "ज्याचं तोंड पोस्टरवर, थो पोस्टर फाडत नाई, ताई."

तीन आठवडे मी योगेशला बिनडोक म्हणत होते.

शकुनने टोपलीच्या तळातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून एक फोटो. निराधार योजनेच्या अर्जासाठी काढलेला, एका म्हाताऱ्याचा.

"सासरे राहिले."

"नाही," मी म्हटलं. "जागाच नाही. पहा तुमी."

"याईले लहान करा ना."

"मग खुशालराव पट्टी घेऊन येतीन."

"हो, थेबी खरं." तिने पोस्टर वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिचं बोट तिच्याच गालावर येऊन थांबलं. "अथी बसते."

मी भडकले. म्हटलं, "शकुनबाई, तुमची एवढीच जागा उरली आहे! तीन दिवस मी एकेक केस कापला तुमचा. अन् तुमीच म्हणता झाका? मग पोस्टर कशाचं, गावच्या यादीचं?"

ती रागावली नाही. बाजारात गिऱ्हाइकाला समजावतात तसं तिने मला समजावलं. "तुमाले पोस्टर पायजे. मले पिच्चर पायजे. योगेशभाऊ दिवाळीत दुसरा काढून राहिले, मलेच घेतो म्हनतात. सासऱ्याईनं काल भाकरीवरून हात काढला. म्हनले, सून दात काढून भिताडावर लागली त मी घर सोडतो. याईले लावा, मंग थेच पारावर जाऊन दाखवतीन."

मला त्या म्हाताऱ्याचा राग आला, खुशालरावांचा आला, आणि सगळ्यात जास्त तिचा आला, कारण ती बरोबर होती. मी फोटो स्कॅन केला, गोल कापला, खाली नाव टाकलं. मुद्दाम तो पोस्टरच्या कडेला ठेवला, अर्धा बाहेर.

"असा नाई," शकुन म्हणाली. "कटून राहिले थे."

मी गोल आत सरकवला. तिचा कान झाकला गेला, मग गाल. एक डोळा आणि हसण्याचा अर्धा भाग उरला. माझा हात तिथेच थांबला.

शकुन पडद्याकडे पाहत होती.

"अजून थोडं, ताई," ती म्हणाली. "दात दिसून राहिले."