कॅलिपरवरची पिवळी रेघ

लोवेल ब्रँटनं उभ्या जन्मात नाकावर माशी बसू दिली नाही. अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या एका गावात निम्म्या लोकांच्या गाड्यांचे ब्रेक त्यानं केले, आणि ब्रेक करता करता गाडीच्या मालकाचीही हजेरी घेतली. "ब्रेक आहेत हे, फडताळाची कडी नाही," असं तो पाद्रीबाबांनासुद्धा सुनवायचा. आता गॅरेज विकलेलं, बायको गेलेली, हाताला कंप सुटलेला. उरला होता फक्त गुरुवार. गुरुवारी जेवण झालं की पिकअप काढायची, लेकीच्या घरी जायचं आणि तिच्या लाल कॉर्व्हेट गाडीचे ब्रेक बघायचे.

लेक नोरीन. चाळिशी ओलांडलेली, नवऱ्यापासून मोकळी झालेली. आठवडाभर दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायची आणि सुट्टीला हौशी लोकांच्या शर्यतीत गाडी अशी हाणायची, की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. बापाच्या पोटात मात्र कधी आला नाही, कारण तिचे ब्रेक त्याच्या हातचे होते.

कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चावा घेऊन चाक थांबवणारा जबडा. तो जागेवर धरून ठेवायला मागून दोन बोल्ट. ते टॉर्क पान्यानं आवळायचे, ठरलेला जोर लागून पाना टक् वाजला की थांबायचं, आणि मग बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर रंगाची एक सरळ रेघ ओढायची. पुढे बोल्ट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. शर्यतवाल्यांत ही रीतच आहे, आणि रेघ ओढली म्हणजे माणसानं शब्द दिला असं मानतात. लोवेलची रेघ पिवळी असायची.

मागच्या शर्यतीच्या वेळी तो ट्रेलरच्या मागे टायर रचत होता. पलीकडे शेजारच्या गाडीचा वॉली शुल्झ नोरीनला म्हणत होता, "ब्रेक अजून म्हाताराच करतो? अगं, हात बघितलेस का त्याचे? निम्मी कॉफी शर्टाला पाजतो. तुझ्या जागी मी असतो ना, तर मागून गुपचूप पाना फिरवून घेतला असता."

नोरीन मोठ्यानं हसली. पुढे ती काय म्हणाली, ते ऐकायला लोवेल थांबला नाही.

तेव्हापासून त्याच्या मनात पाल चुकचुकायला लागली. टॉर्क पाना भलत्याच कप्प्यात सापडला, तर त्याला वाटायचं, फिरवला वाटतं हिनं. सरळ विचारता आलं असतं. पण सरळ विचारणारा असता, तर तो लोवेल ब्रँट कसला! दोन-तीन गुरुवार तो आतल्या आत धुमसत राहिला आणि मग एक दिवस त्याला एक युक्ती सुचली. म्हातारपणी सुचलेल्या युक्तीइतकं वाईट दुसरं काही नसतं.

त्या गुरुवारी पुढच्या डाव्या कॅलिपरचं मोठं काम होतं. घासणारे पॅड डिस्कवर दाबणारा एक पिस्टन अडकत होता. त्यानं कॅलिपर सोडवला, पिस्टन बाहेर काढले, जुनी सीलं उपटून खाचा साफ केल्या, नव्या सीलांना ब्रेक ऑइलचं बोट लावून ती बसवली. पॅड चारही चाकांना नवे घातले. बोल्ट सगळे नुसते हातानं लावले होते, शेवटचं आवळणं बाकी होतं. मग नोरीन सीटवर बसली आणि ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोघं लागली.

"दाब."

"दाबलं."

"धर. धरून ठेव गं, दात काढतेस का कुणाचा? हां, सोड."

"डॅड, तू माझ्या पेशंटांशी असा बोललास ना, तर दवाखाना बंद पडेल."

हवा निघाली, पेडल घट्ट झालं. नोरीन जेवणाचं बघायला आत गेली. लोवेलनं तीन चाकांचे बोल्ट पान्यानं आवळले, रेघा ओढल्या. पुढच्या डाव्या चाकापाशी मात्र त्यानं पाना खाली ठेवला. ते दोन बोल्ट तसेच हातानं लावलेले राहू दिले आणि त्यांच्यावर पिवळी रेघ ओढली. हात थरथरत असतानाही रेघ झकास सरळ आली. मग त्यानं चाक चढवलं.

हिशेब सोपा होता. पान्यानं आवळलेला बोल्ट पुन्हा पाना लावला तरी हलत नाही, सैल असला तर फिरतो आणि रेघ तुटते. गाडी शुक्रवारी संध्याकाळी ट्रेलरवर चढणार, तोवर जागची हलणार नाही. सकाळी येऊन बघायचं. रेघ तुटलेली दिसली तर नोरीन मागून पाना फिरवते, हे नक्की. शाबूत असली तर आपणच आवळून टाकायचं, कुणाला पत्ता नाही. जेवताना तो खुशीत होता. दोनदा वाढून घेतलं.

शुक्रवारी सकाळी तो डोनटचा खोका घेऊन पोचला, तर गॅरेजचं दार उघडं आणि गाडी नाही.

त्यानं फोन लावला. तिचा फोन तिथेच कामाच्या टेबलावर वाजायला लागला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. नवे पॅड! नवे पॅड डिस्कवर नीट बसवायचे, तर मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून पुन्हा पुन्हा करकचून ब्रेक मारावे लागतात. दरवेळी ते शर्यतीच्या मैदानावर दोघं मिळून करायचे. आज तिला सुट्टी होती, तिनं एकटीनंच उरकायचं ठरवलेलं दिसत होतं. आणि हे सगळं तिला शिकवलं कुणी? त्यानंच.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. जायचं तर कुठे? तळ्याकडे एक रस्ता जात होता, मक्याच्या शेतांकडे दुसरा. चुकीचा धरला, तर ती इकडे येऊन पुन्हा निघायची. तो फाटकाशी उभा राहिला. गाडी वेगात असताना कॅलिपर सुटला तर काय होतं, हे त्याला गावात सगळ्यांत चांगलं माहीत होतं, आणि आता तेच ज्ञान त्याला खात होतं. घेऊन जायचं तर मला घेऊन जा, असं तो देवाला म्हणाला, आणि या कामात देवाला ओढायची आपल्याला लाज वाटली पाहिजे, हेही त्याला कळलं.

मग इंजिनाचा आवाज आला. लाल गाडी वळणावरून आत शिरली आणि गॅरेजपुढे थांबली.

"काय थांबते रे गाडी, डॅड! नुसती जमिनीला चिकटते!" नोरीन दार उघडता उघडता ओरडली. "शेवटी डावीकडून जरा खडखड येत होती. खडी उडली असेल. अरे, तुझा चेहरा असा का झालाय?"

तो गुडघ्यांवर बसला होता. चाकामागे हात घालताच बोटं भाजली. ती हातमोजे घालूनच त्याच्याशेजारी बसली, टॉर्च लावला आणि आत हात घातला. खालच्या बोल्टची रेघ तुटली होती. वरचा बोल्ट अर्धाअधिक बाहेर आला होता. तिनं तो दोन बोटांनी फिरवला आणि तो फिरला.

तिनं टॉर्च बोल्टवरून लोवेलच्या तोंडाकडे वळवला.

खरं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण ते सांगायचं कसं? तू माझ्यावर पाळत ठेवतेस का बघायला मी तुझा जीव पणाला लावला, हे पोटच्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"विसरलो," तो म्हणाला.

"रेघ तर ओढलीयेस."

"रेघ ओढली. आवळायचं विसरलो."

नोरीन तिथेच फरशीवर बसली. तिचा रंग उतरला होता. "वॉली म्हणत होता, मागून बघत जा म्हणून. मी हसले त्याला. म्हटलं, माझ्या बापाची रेघ तपासायची वेळ आली ना, तर मी गाडीच विकीन. एकदाही बघितलं नाही मी, डॅड. एकदाही नाही."

लोवेलला ते ऐकवेना. आता तरी सांगावं असं पुन्हा वाटलं. पण तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती काळजी होती, आणि ती काळजी गमावायचं बळ त्याच्यात नव्हतं.

"आणखी काय काय विसरतोस? खरं सांग मला."

तो काहीच विसरत नव्हता. बायकोच्या औषधाच्या वेळासुद्धा त्याला अजून पाठ होत्या. पण आता काहीतरी शोधणं भाग होतं.

"परवा शेगडी चालू राहिली," तो म्हणाला. "रात्रभर."

"अरे देवा. आणि?"

"चर्चमधून येताना रस्ता चुकलो. पार गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारापर्यंत गेलो होतो."

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला ते इतकं सहज कसं जमलं, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. नोरीन रडायला लागली. "आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस? इतकी परकी आहे का मी?"

"तुला उगाच त्रास."

तिनं बाहीनं डोळे पुसले, जॅक लावला, चाक काढलं, टॉर्क पाना आणला आणि दोन्ही बोल्ट आवळले. काम चोख केलं, त्यानं शिकवलेलंच होतं. तो बाजूला उभा होता. पाना धरू दे, असं म्हणायला त्याला तोंड उरलं नव्हतं.

"या शनिवारी मी जात नाही," ती उठत म्हणाली. "सोमवारी आपण डॉक्टरांकडे जाऊ. आणि गुरुवारी तू ये, नुसता गप्पा मारायला. मी न्यायला येत जाईन. तू गाडी चालवायची नाहीस."

"मी बरा आहे गं."

"डॅड." तिनं हात पुढे केला. "पिकअपची किल्ली."

त्यानं खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.