मागच्या रांगेत

स्टुडिओत बत्तीस वर्षं दिवे लावता लावता त्यांचं नावच दिवेकाका पडलं होतं. आज सुट्टी, म्हणून मालकाकडून किल्ली मागून ते एकटेच आले होते. काम घरचं होतं. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला जायचं म्हणून त्यांनी बॅग भरायला घेतली होती, तर लेक फोनवर म्हणाली, "बाबा, एवढ्या लांब दगदग कशाला? तुमच्याकडे तो हिरवा पडदा आहे ना, त्याच्यासमोर फोटो काढून पाठवा. तुमचे जावई बसवतील तुम्हाला आमच्या फोटोत."

वाढदिवस काल झाला. लेकीच्या त्या फोनवर काकांनी नुसतं 'बरं' म्हटलं होतं. लेकीला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

कामात मात्र हयगय नाही. पडद्याला इस्त्री केली, कारण एक सुरकुती राहिली तरी तिची सावली पडते आणि तेवढ्या जागचा हिरवा रंग नंतर कॉम्प्युटरवर नीट पुसला जात नाही. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड टाकून चारी कोपरे मीटरने मोजले. माणूस पडद्यापासून सहा पावलं पुढे, नाहीतर हिरवी झाक खांद्यावर चढते. उजेड जुळवताना माणसाच्या जागी ते स्टँडवर कोट टांगत. स्टुडिओतली पोरं त्याला 'पाहुणा' म्हणायची. काकांनी पाहुण्याला "हलू नकोस रे" म्हणून दम दिला. ही बोलायची सवय बायको गेल्यापासूनची. घरी बोलायला दुसरं होतं कोण?

एक अडलं. लेकीकडच्या फोटोत उजेड कुठून येतो? तो जुळला नाही तर माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. त्यांनी फोन लावला.

"तुमचा फोटो पाठव गं. उजेडाची बाजू बघायचीय."

"कोण बघतंय बाबा एवढं!" लेक हसली, पण फोटो लगेच आला.

काकांनी चष्मा चढवला. उजेड डावीकडच्या खिडकीतून होता, ते एका नजरेत कळलं. मग ते जागा शोधू लागले. सोफ्यावर लेक, मांडीवर नात, शेजारी जावई आणि त्याचे आईवडील. मागे नणंद, तिचा उंचापुरा नवरा, दोन मुलं. सगळे खांद्याला खांदा लावून. मधे बोट ठेवायला जागा नव्हती. आपल्यासाठी जागा सोडायची कुणालाच आठवण झाली नाही, हे काकांना लागलं. फार लागलं.

"माझी जागा कुठली?" त्यांनी चालू फोनवरच विचारलं.

"मागे... सगळ्यांच्या मागे, बाबा. चेहरा दिसेल की."

"दिसेल, दिसेल. न दिसायला काय झालं!"

त्यांनी पाहुण्याला बाजूला केलं, मुख्य दिवा डावीकडे नेला. नुसता चेहराच लागणार, म्हणून छातीखाली पडणारा दिवा बंद करून टाकला. कॅमेऱ्याला दहा सेकंदांचा टायमर लावला आणि जाऊन उभे राहिले. पडद्यासमोरचा माणूस नंतर हवा तेवढा वर सरकवता येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका लुकलुकू लागला, तसे काका मागच्या रांगेतून दिसावं म्हणून चवड्यांवर उभे राहिले.