हिरवी ओळ

"काकू, रिपोर्टात तुमची ओळ पुन्हा लाल आलीय," टीम लीडर खुर्ची ओढून बसत म्हणाला. "वरचे विचारतायत, बाकीचे दुप्पट कॉल घेतात, मग या काय करतात?"

विमा कंपनीच्या त्या कॉल सेंटरमध्ये काकू वयाने सगळ्यांत मोठ्या. त्या काय करतात, हे त्यालाही ठाऊक होतं. घरातलं माणूस गेलं म्हणून कुणी दाव्यासाठी फोन केला, की यंत्र तो कॉल नेमका काकूंकडे वळवायचं. काकूंशी बोललेल्यांना त्याच कामासाठी पुन्हा पुन्हा फोन करावा लागत नाही, हे यंत्रानेच हेरलं होतं. रिपोर्ट मात्र मोजायचा फक्त मिनिटं. रडणाऱ्याला आधी रडू द्यावं लागतं, त्याचा रकाना कुणी केलाच नव्हता. म्हणजे काम एकाने लादायचं आणि त्याच कामाबद्दल दुसऱ्याने कान उपटायचे.

यापुढे लाल आलात तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं सांगून त्याने मार्ग सुचवला. दाव्यांचे कॉल बंद. यापुढे पावत्या आणि हप्त्यांच्या तारखा. पोरगा भल्यासाठीच सांगत होता, म्हणून तर त्याच्यावर रागावताही येईना. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. या वयात दुसरी नोकरी कोण देणार? काकू हो म्हणाल्या.

पुढच्या रिपोर्टात ओळ हिरवीगार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दुपारी चुकीचा आकडा दाबून एक बाई काकूंच्या फोनवर आली. बसलेला आवाज काकूंनी लगेच ओळखला.

"कागद आत्ता कुठे गोळा झालेत," बाई म्हणाली. "मागे तुमच्या इथल्या एक बाई बोलल्या होत्या. कागदांचं राहू द्या, आधी चार घास खा म्हणाल्या. त्या दिवशी तेवढंच कुणी विचारलं मला. त्याच का तुम्ही?"

समोरच्या पडद्यावर सेकंद पळत होते. या बाईला बोलायचं होतं, आणि तिचं ऐकून घ्यायचं तर ते दोन मिनिटांत भागणार नव्हतं.

"नाही," काकू म्हणाल्या. "त्या आता इथे नसतात. तुमचा फोन जोडून देते हं."

"बरं. भेटल्या तर सांगा त्यांना, जेवले म्हणून."

काकूंनी बटण दाबलं. लगेच पुढचा कॉल आला. कुणीतरी हप्त्याची तारीख विचारत होतं. काकूंनी ती दोन मिनिटांच्या आत सांगितली.