दक्षिणेकडची बाजू

"कोमाद्रे, बाहेर काय ठेवलंय? आत गार आहे, आत या," नेमेसिओ अंगणाच्या वाटेवर आडवा उभा राहून म्हणाला.

"गार हवा लेकीकडेही आहे," ऑरालियाने गवती टोपी सारखी केली. "मी सिप्रियानोचा निवडुंग बघायला आलेय, कोंपाद्रे. सरका."

दोघे एकमेकांच्या लेकरांचे धर्ममायबाप, म्हणून एकमेकांना कोमाद्रे-कोंपाद्रे म्हणायचे; शिवाय जुने शेजारी. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या नेमेसिओलाच वाळवंटातल्या टुसॉन शहराची ती सगळी गल्ली झाडांचं विचारायची. म्हणून नवरा सिप्रियानो वारल्यावर, घर सोडून लेकीकडे राहायला जाताना, सिप्रियानोने मुठीएवढा असल्यापासून वाढवलेला हा पिंपाएवढा निवडुंग ऑरालियाने याच्याच हवाली केला. दक्षिणेकडच्या काट्याला लाल लोकर बांधून दिली. ज्या अंगाने जन्मभर ऊन सोसलं, तेच पुन्हा उन्हाकडे, म्हणजे दक्षिणेला, ठेवायचं, हे इथं शेंबडं पोरही सांगेल.

नेमेसिओला ठाऊक नव्हतं असं नाही. पण हा निवडुंग झुकतो दक्षिणेला, आणि त्याच्या घराचा रस्ता उत्तरेला. माथ्यावरची फुलं काय भिंतीला दाखवायची? मिरवण्याचा मोह आवरला नाही. त्याने लोकर सोडली आणि निवडुंग फिरवून लावला. उन्हाळ्याने आता दक्षिणेला आलेल्या, उन्हाची सवय नसलेल्या बाजूची साल भाजून काढली.

आज त्याने त्या बाजूला खुर्ची ठेवून तिच्यावर चादर वाळत टाकली होती. ऑरालियाने खुर्ची ओढली. साल करपलेल्या पोळीसारखी झाली होती. ती आता कधीच हिरवी होणार नव्हती.

"यंदा ऊन फार..." त्याने सुरुवात केली.

"फिरवलात तुम्ही."

नेमेसिओ चादरीची घडी घालू लागला.

"का?"

"रस्त्यावरनं फुलं दिसावीत म्हणून."

"मग? दिसली लोकांना?"

"दिसली."

"काय म्हणाले?"

"छान म्हणाले," तो पुटपुटला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

ऑरालियाने डोक्यावरची टोपी काढली आणि भाजलेल्या बाजूवर बसवली. काट्यांनी ती धरून ठेवली.

"आता परत फिरवू नका. दुसरी बाजूही जाईल. नुसती सावली धरा."

डोळ्यांवर हाताचा आडोसा करून ती भर उन्हात बसथांब्याकडे चालू लागली. आत खुंटीवर नेमेसिओच्या तीन टोप्या होत्या. एखादी घेऊन तिच्यामागे जावं, एवढंही तोंड त्याला उरलं नव्हतं.