न मागता खुडलेलं निळं

आमच्या ब्रॅकनलो गावात दर ऑगस्टला झरा सजवतात. कधीकाळी दुष्काळात भोवतालच्या विहिरी आटल्या, आमचा झरा मात्र वाहत राहिला; त्या उपकाराची ही आठवण. ओली माती थापलेल्या फळीवर एकेक पाकळी दाबून बायबलमधलं चित्र करायचं आणि ते झऱ्याशी उभं करायचं. रंग नाही, कागद नाही. देवानं उगवलं तेवढंच लावायचं. बघायला बसगाड्या भरून माणसं येतात.

यंदाचं चित्र होतं विहिरीवर परक्या बाईकडे पाणी मागणाऱ्या येशूचं, आणि काम होतं एनिड टॉफ्टकडे. आभाळाला निळं हवं होतं. तिची स्वतःची फुलं तर उन्हानं करपलेली. शेजारची ऑड्री पॅशली कंबरेचं हाड मोडून इस्पितळात होती. तिच्या बागेला पाणी घालायचं एनिडनं कबूल केलं होतं. तिथे हायड्रेंजियाचं झुडूप निळ्या गुच्छांनी लवलेलं. ऑड्रीच्या नवऱ्यानं, वॉल्टरनं, मरण्याआधी लावलेलं ते शेवटचं झाड. एनिडनं आधी दोनच गुच्छ खुडले. पण आभाळ मोठं होतं. झुडूप बोडकं झालं.

‘महिनाभर तरी ती येत नाही,’ तिनं मनाला समजावलं.

रविवारी मिरवणूक झऱ्याशी पोचली, तर भाच्यानं ढकललेल्या चाकाच्या खुर्चीत ऑड्री!

“काय निळं आहे हो!” बसमधून आलेल्या बायका म्हणत होत्या.

आमचे पाद्री हॉलम बोलता बोलता गाऊ लागतात, ऐकणाऱ्याचा जीव निवतो. त्यांनी सूर लावला, “सारं पाणी ज्याचं, तोही मागून प्याला!” सगळा गाव मागोमाग गाऊ लागला. एनिड खुर्चीपाशी जाऊन वाकली.

“ऑड्री, ते आभाळ तुझ्या झुडपाचं आहे. मी विचारलं नाही गं.”

“ठाऊक आहे. आधी घरीच गेले होते. वाटलं, मेंढ्या शिरल्या.”

“इस्पितळात येऊन विचारायला हवं होतं.”

“विचारलं असतंस, तर नाहीच म्हटलं असतं.” ऑड्री चित्राकडे बघत राहिली. “वॉल्टर जन्मात कधी प्रार्थनेला आला नाही. मेल्यावर ओढून आणलंस त्याला.”

एनिडला हसू आलं नाही. ऑड्रीलाही नाही.

“कडेची माती सुकतेय बघ. मी रोज येणार आहे बघायला.”

एनिडनं झऱ्यातून ओंजळ भरली. मग थांबली, वळली.

“शिंपडू?”

ऑड्रीनं बऱ्याच वेळानं होकार दिला. तोवर ओंजळीतलं अर्धं पाणी गळून गेलं होतं.