धुतलेलं जाळं

धाकट्या सुनेच्या तोंडाला झाकण नाही, ही आत्याबाईंची तक्रार लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनची. सून आली समुद्रापासून लांबच्या गावातून, जिथं पाणी नळाला येतं आणि मासा बाजारात. पहिल्याच जेवणाला ती सगळ्यांदेखत नवऱ्याला विचारून बसली, "आज कुठं गेला होतात जाळं टाकायला?"

थोरल्या मुलाचा घास हातातच राहिला. धाकटा ताटात काहीतरी हरवल्यासारखा बघायला लागला. आणि आत्याबाईंनी हातातला डाव भांड्यावर असा आपटला की शेजारचं मूल दचकून रडायला लागलं.

"बाई गं, या घरात काय वाट्टेल ते विचार. माझं वय विचार, दात किती उरलेत ते विचार. पण होडी कुठं गेली होती, ते विचारायचं नाही!"

त्या कुणाच्या आत्या, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. बंदराचा सगळा धक्का त्यांना आत्याबाईच म्हणे. नवऱ्याच्या माघारी दोन मुलगे आणि एक होडी, तिघांनाही त्यांनी सारख्याच धाकात ठेवलं होतं. शाळेचं म्हणाल तर सही येत होती, आणि ती करायची वेळ आली की समोरचा थांबून राहायचा.

मासा कुठं सापडला ते कुणालाही सांगायचं नाही, हा त्यांच्या घरचा कायदा. दक्षिणेला जाऊन आलात तर उत्तर म्हणा. उत्तरेला गेलात तर म्हणा, काय सांगू, नुसतं डिझेल जाळून आलो. जीभ सांभाळली तरी जाळं चुगली करतं. त्याच्या गाठींत तळाचा गाळ अडकतो, आणि गाळ बघून जाणता माणूस जागा ओळखतो. म्हणून बंदरात शिरण्याआधी दीपस्तंभाच्या खडकाआड होडी थांबवायची, जाळं खळखळून धुवायचं, नांगर घासायचा आणि मगच धक्क्याला लागायचं. सगळ्याच होड्या असं करत. बाहेरगावचे पाहुणे कौतुकानं म्हणत, इथली जाळी किती स्वच्छ असतात हो! आत्याबाई मान डोलवत. स्वच्छता ती हीच!

सून मासळीच्या लिलावाच्या छपराखाली वजनकाट्यावर काम करायला लागली. तिथंही तिचं तोंड सुरूच. बर्फवाल्याला विचारी, बर्फात भुसा का? तांडेलाला, म्हणजे होडीच्या मुख्याला, विचारी, पिल्लं का आणलीत? आत्याबाईंच्या कानावर सगळं यायचं आणि त्या कपाळ धरायच्या.

मग बंदर खोल करायचं ठरलं. मोठी जहाजं आत यायची होती. तळ खणून जो गाळ निघेल तो समुद्रात लांब नेऊन टाकायचा होता. कुठं टाकायचा, ते ठरवायला बंदर खात्याची एक मुलगी आधीच्या हंगामात होडीहोडीवर जाऊन गेली होती. हातात कागदाची गुंडाळी, पायात मोठे बूट. सगळे तिला नकाशावाली म्हणत. ती अदबीनं विचारायची, "काका, तुम्ही मासे कुठं धरता?" आणि प्रत्येक काका तिला अदबीनंच थाप मारायचा.

तो नकाशा आता लिलावाच्या भिंतीवर लागला. ज्यानं जिथं सांगितलं तिथं रंग भरलेला. सकाळी सगळा धक्का बघायला लोटला आणि हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अरे, तू पश्चिमेला मासे धरतोस? तिथं तर नुसते खडक!"

"आणि तू रे? या जागेत होडी घातलीस तर तळच फाटेल की!"

मग कुणाचं तरी बोट नकाशाच्या एका पांढऱ्या ठिपक्यावर थांबलं. तिथं कुणाचाच रंग नव्हता. लाल फुली होती, आणि खाली लिहिलं होतं: मासेमारी नाही, गाळ येथे टाकावा.

हसणं विझलं. सुनेनं नवऱ्याकडं बघितलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता.

"अहो, काय झालं? काय आहे तिथं?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"घरी चल," थोरला दीर दातओठ खात म्हणाला.

घरी दार लावून तिला सांगितलं गेलं. ती जागा म्हणजे या घराचं 'माहेर'. सासऱ्यांनी शोधलेली. तिथं समुद्राचा तळ वाडग्यासारखा खोलगट आहे, काळानिळा मऊ गाळ आणि त्यावर पाणगवत. थंडी सरताना मासोळ्या तिथं अंडी घालायला येतात, म्हणून माहेर. पिल्लं थोडी मोठी झाली की तिथून सगळ्या किनाऱ्याला पसरतात.

"म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत राडारोडा ओतणार?" सून म्हणाली. "आणि आपण गप्प बसणार?"

"सांगितलं तर सगळं बंदर तिथं जाळी घेऊन धावेल, वहिनी," थोरला तिला चिडवायचं असलं की वहिनी म्हणे. "ओरबाडून नेतील. समुद्र मोठा आहे. थोडा गाळ पडला तर काय मरतोय?"

"मोठा समुद्र कुठंही मरत नसेल हो भावोजी. पण जन्मतो तर तिथंच ना?"

"पुरे!" आत्याबाई ओरडल्या. "माझ्या घरातली गोष्ट माझ्या घरात राहील."

पण त्या दिवशी त्यांना घास गोड लागला नाही. डोळा लागला की स्वप्नात राखाडी पाणी यायचं. गाळाबद्दलची सुनावणी आठवड्यावर आली होती. मोठे साहेब येणार, लोकांना विचारणार आणि मग काम सुरू. बोललं तर माहेर लुटलं जाणार, नाही बोललं तर पुरलं जाणार. आत्याबाई उठत, पाणी पीत, परत पडत.

शेवटी त्या जाळ्यांच्या शेडमध्ये गेल्या. हाताला काम असलं की डोकं शांत राहतं, हा त्यांचा अनुभव. तिथं फौजदारीण बसली होती. ही दुसऱ्या होडीची मालकीण, आत्याबाईंची जन्माची वैरीण. आवाज असा की ती हाका मारायला लागली तर दीपस्तंभाची गरज नाही. पण आज ती गप्प होती.

"काय गं, दात पडले का?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुझ्याआधी नाही पडायचे," ती म्हणाली, पण त्यात जोर नव्हता.

आत्याबाई बसल्या, तिच्याच जाळ्याचं एक टोक ओढून फाटलेल्या गाठी बांधायला लागल्या. एका गाठीत नख अडकलं. आतून काळानिळा मऊ गाळ निघाला, त्यात पातळ पांढऱ्या शिंपल्यांचा चुरा. त्यांनी तो बोटांत चोळला. माहेरचा गाळ माणूस आंधळा झाला तरी ओळखेल.

"कुठला गं हा?"

"उत्तरेचा."

"उत्तरेला वाळू आहे."

फौजदारणीनं सुई जाळ्यात टोचून ठेवली. मग म्हणाली, "तुमच्या नांगराच्या कडीलाही हाच असतो. किती वर्षं बघतेय! बोलले नाही. बोलले असते तर मी तो कसा ओळखला, हे सांगावं लागलं असतं."

"आम्ही माहेर म्हणतो त्याला."

"आम्ही पाळणा. आणि तो टोपीवाला तांडेल कोठार म्हणतो, दारू चढली की बरळतो."

दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. सगळ्या बंदराचं गुपित एकच! प्रत्येकानं ते दुसऱ्यापासून जपलं, आणि शेवटी खात्याच्या दप्तरी ती जागा ओसाड झाली.

घरी येऊन आत्याबाईंनी हे सांगितलं तेव्हा सून कपडे वाळत घालत होती. हातातली चादर तशीच धरून ती म्हणाली, "म्हणजे आई, ज्यांना कळू नये त्या सगळ्यांना कळलेलं आहे. फक्त ज्याला कळायला हवं त्या खात्याला नाही!"

आत्याबाईंना पहिल्यांदाच तिला गप्प बस म्हणायचं सुचलं नाही.

मग दोघी म्हाताऱ्या घरोघर फिरल्या. सुनावणीच्या सकाळी प्रत्येकानं आपापल्या खोलगटात जायचं, जाळं तळाला टेकवायचं आणि न धुता परत यायचं. जागेचं नाव कुणीच विचारायचं नाही. काहींनी हो म्हटलं, काहींनी मान हलवली, काहींनी दार अर्धंच उघडलं. खरंच कोण करेल, याची खात्री कुणाचीच नव्हती. आपण एकट्यानंच घाण जाळं आणलं आणि बाकीच्यांनी धुतलं तर? उघडे पडू ते आपणच!

त्या सकाळी आत्याबाई धक्क्याच्या टोकाला उभ्या राहिल्या. पदर दातांत धरलेला. एक एक होडी दीपस्तंभाजवळ यायची आणि त्या टाचा उंचावून बघायच्या. थांबते का? खडकाआड वळते का? फौजदारणीची होडी सरळ आली. टोपीवाल्याची क्षणभर घुटमळली, मग सरळ आली. एकामागून एक होड्या येत गेल्या. जाळ्यांतून काळं पाणी ठिबकत होतं.

आणि एक होडी खडकाआड वळली. बराच वेळ दिसेना. मग आली, लखलखीत जाळं घेऊन.

ती आत्याबाईंचीच होती.

"हात आपोआप गेले, आई," थोरला मान वर न करता म्हणाला. "खडक आला की हातांना दुसरं माहीतच नाही. अर्धं झाल्यावर ध्यानात आलं. तोवर गाळ गेला होता."

धाकटा कोपऱ्यात रडकुंडीला आला होता. आत्याबाईंनी थोरल्याच्या कानशिलाकडं बघितलं, आपल्या हाताकडं बघितलं आणि हात खाली घेतला. त्याच्या हातांना ते कुणी शिकवलं होतं?

लिलावाच्या छपराखाली साहेब बसले होते, बाजूला नकाशावाली. साहेब माणूस चांगला होता, पण घाईत होता. म्हणाले, "इथं मासेमारी होत नाही, असं तुम्हीच सांगितलंय. मग हरकत कसली?"

तेव्हा जाळी आत आली. ओली, घाण, वास मारणारी. एकेकानं आपलं जाळं फरशीवर पसरलं. नकाशावाली खुर्चीतून उठली, गुडघ्यावर बसली, या जाळ्यातला गाळ त्या जाळ्यातल्याशी ताडून बघायला लागली. सगळीकडं तोच काळानिळा रंग, त्याच पांढऱ्या शिंपल्या. मग ती काकांकडं वळली. "मी प्रत्येकाला विचारलं होतं हो काका! एकानं तरी सांगायचं होतं! माझ्या नकाशानं मारलं असतं सगळं!"

एकेक काका मागं सरकला.

"आत्याबाई, तुमचं जाळं?" मागून टोपीवाला ओरडला. "चकाचक दिसतंय! अजून चोरूनच खायचंय वाटतं!"

लोक कुजबुजायला लागले. एक दोघांनी आपली जाळी गोळा करायला हात घातला. सगळं विस्कटायला आलं होतं! पण आत्याबाई पुढं आल्या, आपलं जाळं ओढत आणलं आणि सगळ्यांच्या मधोमध टाकलं.

"बघा साहेब, नीट बघा. बाकीच्या जाळ्यांत समुद्र काय आहे ते दिसतंय. आमच्या जाळ्यात आम्ही काय आहोत ते दिसतंय. हे माझ्या घरानं धुतलंय, कारण धुवायला मी शिकवलं. या पोरीचा नकाशा खोटा नाही. ती विचारायला आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून तो खोटा केला. ती लाल फुली आमच्या माहेरावर आहे. या फौजदारणीच्या पाळण्यावर आहे. त्या टोपीवाल्याच्या कोठारावर आहे, ओरडू दे त्याला किती ओरडायचं ते!"

टोपीवाल्यानं टोपी काढली.

साहेबांची घाई गेली होती. म्हणाले, "काम थांबवतो. तळ पुन्हा तपासू. पण जागा बदलेलच असं नाही. वर मलाही विचारणारे आहेत. एक सांगा, ती पिल्लांची जागा आहे म्हणता. मग पिल्लांच्या दिवसांत तुम्ही तिथं जाळं टाकता की नाही?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. टाकत होते ना! सगळेच टाकत होते.

"इथून पुढं नाही," आत्याबाई म्हणाल्या. "आधी माझी होडी. कुणाला तिथं दिसली तर फोडा."

"माझीही," फौजदारीण अशी गरजली की साहेबांच्या हातातलं पेन पडलं. मग एकेक आवाज उठला. कुणाचा मोठा, कुणाचा घशातल्या घशात, पण उठला.

वाचणाऱ्यांनो, या धक्क्याला हसू नका. आपल्यालाही कुणीतरी विचारायला येतं. आपण दार अर्धं उघडून थाप मारतो, आणि निर्णय चुकला की सरकारच्या नावानं बोटं मोडतो. समुद्र काय, नदी काय, गावची विहीर काय, त्यांना वाचा नाही. त्यांच्या वतीनं बोलायचं तर आधी आपलं खोटं कबूल करायला लागतं, आणि ते एकट्यानं होत नाही. सगळ्यांनी मिळून करावं लागतं.

तळ तपासायला खात्याची बोट दुसऱ्याच दिवशी निघणार होती. जागा दाखवायला आणि बोलायला बंदरातर्फे एक माणूस हवं होतं. सगळ्यांनी आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाई वजनकाट्याकडं चालत गेल्या. सून तिथं काट्याला धरून उभी होती. आज शिव्या किती खायच्या, याचाच अंदाज घेत असावी.

"तुझ्या तोंडाला झाकण नाही," आत्याबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी म्हटलं, आजही म्हणते. आता बसवूही नकोस. उद्या त्या बोटीत तू जायचं. काय विचारतील ते सगळं सांगायचं, नाही विचारलं तरी सांगायचं. आणि रात्री घरी आलीस की जेवायला बसल्यावर मोठ्यानं विचार, आज कुठं गेला होतात. या घरात तुला खरं उत्तर मिळेल. नाही मिळालं, तर डाव माझ्या हातात आहेच!"